जलसंजीवनी (ओआरएस) समजावताना या चुका टाळा

"ताई, जलसंजीवनीची पुडी पाजली, पण जुलाब थांबलेच नाहीत." गृहभेटीला गेलेल्या आशाताईंना हे हमखास ऐकावं लागतं. यात आईचं काही चुकलेलं नसतं. पहिल्या दिवशी आपण काय बोललो, ते आठवून पाहा.

"जुलाबावर हे द्या" असं म्हटलं की आई ते जुलाब थांबवणारं औषध समजते. जलसंजीवनीचं ते कामच नाही. आतड्यातून साखर आत शोषली जाते तेव्हा मीठही आत जातं आणि मिठामागे पाणी. जुलाब चालू असतानाही हे चालूच राहतं. म्हणून सुरुवातच अशी करा: "जुलाब काही दिवस होतील, पण बाळ सुकणार नाही." मग लघवी होते का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का, हे बघायला शिकवा. एवढं सांगितलं नाही, तर संध्याकाळी ती सलाईन लावायला दवाखाना गाठणार. तिच्या जागी आपणही तेच केलं असतं.

जलसंजीवनीने जीव वाचतो याचा पुरावा सांगताना टक्क्यांत बोलू नका, माणसांत बोला. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथे १०० आजाऱ्यांमागे ३० च्या आसपास दगावत होते, ते ४ च्या खाली आले. पाजणारे घरचेच लोक होते, हे आईला जरूर सांगा. त्याने तिला जो धीर येतो, तो आकड्याने येत नाही.

"समजलं ना?" हा प्रश्न सोडून द्या. उत्तर नेहमी "हो"च येतं, आणि घरी मोठी पुडी एका पेल्यात कालवली जाते. असं खारट पाणी बाळाला घातक आहे. ती पूर्ण मोठी पुडी एक लिटर पाण्यात. तिच्याच घरातली लिटरची बाटली घ्या आणि तिलाच करून दाखवायला सांगा. तयार पाणी २४ तासांनी टाकायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने.

झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची, हे दोनदा सांगा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

बाळ पिईनासं झालं, मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं. वाटेतही पाजत राहायचं.