तोंड आले, तर आधी काय पाहावे आणि मग काय करावे

ओठाच्या आत आलेला एखादा फोड असो, बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर असो की सुपारीने कडक होत चाललेला गाल असो, मराठीत या सगळ्यांना ‘तोंड आले’ एवढेच म्हटले जाते. कारणही ठरलेले असते, ‘उष्णता झाली’, आणि उपायही ठरलेला असतो, औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे पाकीट. बहुतेक वेळा हे निभावून जाते, कारण साधा व्रण आपोआपच बरा होतो आणि श्रेय गोळीला मिळते. मात्र एका नावाखाली निरनिराळे विकार लपतात, म्हणून औषधाकडे वळण्याआधी नीट पाहणे आवश्यक आहे.

आधी तपासणी

हात धुवावेत, कवळी असल्यास काढावी, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि खिडकीजवळ आरसा घेऊन बसावे. मोबाइलचा टॉर्चही चालतो. ओठ उलटून पाहावेत आणि बोटाने गाल बाजूला ओढून हिरडीपर्यंतचा भाग न्याहाळावा. मग स्वच्छ रुमालाने जिभेचे टोक धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढावी. जिभेच्या या दोन कडा आणि तिच्या खालची जागा सहसा कोणी पाहत नाही, आणि लक्ष देण्याजोगे व्रण नेमके तिथेच जास्त आढळतात. शेवटी डोके मागे करून टाळू पाहावी. व्रण दिसल्यास त्याचे छायाचित्र काढावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करावा. ‘बरेच दिवस झाले असतील’ या उत्तराचा डॉक्टरांना काही उपयोग होत नाही. तारखेचा मात्र होतो.

ओळख

सर्वाधिक आढळणारा साधा व्रण गोल किंवा लांबट असतो, त्याचा तळ पिवळसर-पांढरा आणि कडा लालभडक असते, आणि आकार बहुधा १ सेंटिमीटरहून कमी असतो. तो गाल आणि ओठांच्या आतल्या मऊ भागावर, तसेच जिभेखाली येतो, मीठमिरची लागताच झोंबतो, आणि ७ ते १४ दिवसांत डाग न ठेवता भरून येतो. तो संसर्गजन्य नाही. जागरण, मानसिक ताण, ब्रश लागणे किंवा गाल चावला जाणे ही नेहमीची निमित्ते आहेत. लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असेल, तर मात्र असे व्रण वारंवार येतात. तेव्हा अंदाजाने गोळ्या घेत राहण्यापेक्षा रक्ताची तपासणी करून घ्यावी.

ओठाच्या बाहेरच्या कडेवर आधी चुणचुण होऊन पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला, तर तो हर्पिसच्या विषाणूचा असतो. हा मात्र पसरतो. त्यामुळे फोडांवर खपली धरून ती पडेपर्यंत लहान बाळाचा मुका घेऊ नये आणि टॉवेल वेगळा ठेवावा. एसायक्लोव्हिरचे मलम चुणचुण सुरू होताच लावले, तरच त्याचा काही उपयोग होतो.

पांढरा चट्टा दिसला, तर ओल्या सुती कापडाने तो हलकेच पुसून पाहावा. पुसला जाऊन खाली लाल त्वचा दिसली, तर बहुधा बुरशी आहे. ती तान्ही मुले, मधुमेही, कवळी वापरणारे आणि दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ न भरणारे यांच्यात आढळते. चट्टा पुसला गेला नाही, आणि त्यातही मिश्री, तंबाखू, मावा किंवा खर्रा यांची सवय असेल, तर तो दुखत नसला तरी दाखवावा. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहूनही लवकर दाखवावा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. सुपारीची सवय मात्र टिकून आहे, आणि सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, तोंडातील त्वचा आवळून टाकते. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे जात नसतील आणि साधी आमटीही तिखट लागत असेल, तर ती ‘उष्णता’ नव्हे.

घरचा उपचार

साध्या व्रणासाठी कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा चूळ भरावी, तिखट, आंबट आणि फार गरम टाळावे, व मऊ ब्रश वापरावा. बधिर करणारे जेल जेवणाआधी थोडे लावल्यास घास गिळता येतो; पण ते दोन वर्षांखालील मुलांना लावू नये. क्लोरहेक्झिडिनची गुळणी उपयोगी आहे, मात्र ती दात घासल्यानंतर अर्ध्या तासाने करावी आणि दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नये, कारण दातांवर तपकिरी डाग पडतात. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे मलम दिले असल्यास व्रण आधी कापसाने टिपून कोरडा करावा, नाहीतर ते चिकटत नाही. हर्पिसवर किंवा बुरशीवर हे मलम स्वतःच्या मनाने मुळीच लावू नये.

साजूक तूप लावणे किंवा जाईचा पाला चावणे यांना हरकत नाही. मात्र दुखऱ्या जागी ॲस्पिरिनची गोळी धरल्यास तिथली त्वचा भाजते. बाळाच्या तोंडाला टाकणखार आणि मध लावण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी, कारण टाकणखार विषारी ठरू शकतो आणि वर्षाखालील बाळाला मध देणेही सुरक्षित नाही.

व्रण एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर दात पाहावेत. आमच्या शेजारच्या आजी जिभेच्या उजव्या कडेवरच्या फोडासाठी कित्येक दिवस गुलकंद खात होत्या. दोष निघाला तुटलेल्या दाढेच्या सुरीसारख्या कंगोऱ्याचा. दंतवैद्यांनी तो घासून गुळगुळीत केला आणि दहा दिवसांत जीभ भरून आली. नवीन औषध सुरू झाल्यानंतर तोंड येऊ लागले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. हृदयविकारावरचे निकोरँडिल आणि संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट यांनी असे व्रण होतात. ती औषधे परस्पर बंद मात्र करू नयेत.

कधी दाखवावे

कॅलेंडरवरच्या खुणेपासून दोन आठवडे उलटूनही व्रण भरला नाही, त्याची कड हाताला कडक लागली, मानेत गाठ आली, जीभ हलवताना अडू लागली किंवा कारण नसताना रक्त आले, तर दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. ताप असून पाणीही गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी जावे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. तपासणीसाठी तुकडा काढायला सांगितल्यावर अनेक जण घरी परततात, कारण ‘सुरी लागली की रोग पसरतो’ असे त्यांनी ऐकलेले असते. तसे होत नाही. ती जागा बधिर करून काही मिनिटांत छोटा तुकडा घेतला जातो, गरज असल्यास एखादा टाका पडतो, आणि काही दिवसांत हाती येणाऱ्या अहवालावरून उपचार ठरवता येतात.