पटिंग: स्विंगमधलं काय घ्यायचं आणि काय टीवर सोडायचं

गोल्फमध्ये पहिला लांब फटका सुरुवातीच्या जागेवरून, म्हणजे टीवरून, ड्रायव्हर नावाच्या क्लबने (काठीने) मारतात. शेवटी होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, पटर नावाच्या क्लबने बॉल होलात ढकलायचा, तो पट; हेच पटिंग. ड्रायव्हर झकास मारणारी माणसं ग्रीनवर आली की एक तर पटरने बॉल नुसता टोचतात, नाहीतर तोच स्विंग लहान करून मारतात, मनगटासकट. माझ्या मते स्विंगमधून इथे दोनच गोष्टी आणायच्या: खांद्यांनी क्लब हलवणं आणि ताल. मनगट मोडणं, वजन या पायावरून त्या पायावर नेणं, हे टीवरच सोडायचं. (मी उजव्या हाताने खेळतो. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

आधी ग्रिप. आयर्न (मधल्या फटक्यांचा क्लब) आपण बोटांत धरतो, कारण तिथे मनगट मोकळं लागतं. पटर मात्र तळव्यात बसवा. दांडा कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत आला की मनगटाला हलायला फारसा वाव उरत नाही. डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर सरळ ठेवा.

आता किती घट्ट? १ म्हणजे पटर गळून पडेल, १० म्हणजे बोटं पांढरी पडतील. मी ४ वर धरतो. माझा नेहमीचा जोडीदार ६ वर धरतो आणि माझ्यापेक्षा चांगला पट करतो, काय बोलणार! आकडा कुठलाही असो, बॉल सुटेपर्यंत तो बदलता कामा नये. रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरतो तसं धरा.

घोळ होतो शेवटच्या वीतभर अंतरात. बॉल जवळ आला की उजवा हात आवळतो, पटरचं तोंड (बॉलला लागणारी सपाट बाजू) आत वळतं आणि बॉल डावीकडे जातो. पहिल्यापासूनच आवळून धरलंत तर खांदे अडतात, तोंड बहुतेक वेळा उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं राहतं आणि बॉल उजवीकडे. तोंड एका अंशाने चुकलं तरी १० फुटांवर बॉल साधारण दोन इंच सरकतो. होल सव्वाचार इंचांचा, म्हणजे मधोमध नेम धरलेला बॉल थेट काठावर.

मनगट तपासायला डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली एक पेन्सिल सरकवा, अर्धी हाताच्या पाठीवर येईल अशी. मनगट मागे मोडलं की ती टोचते. पटर पोटाला टेकवून हात स्थिर करायची सोय १ जानेवारी २०१६ पासून नियमानेच बंद झाली आहे, त्यामुळे हे काम आता हातांनाच करायचंय.

ताल मनात मोजा. पटर निघताना ‘एक’, मागे पोचताना ‘तीन’, बॉलवर ‘चार’. मागे जायला दुप्पट वेळ, पुढे यायला निम्मा. तीन फुटांच्या पटलाही हीच मोजणी आणि तीस फुटांच्यालाही; लांबी वाढते ती फक्त खांद्यांच्या झोक्याची. चाळीस फुटांपलीकडे मनगट किंचित सैल पडलं तर मी तरी मनावर घेत नाही.

पुण्यात पावसाळ्यात ग्रीन जड होतात, बॉल निम्म्यात थांबतो आणि सगळेजण हाणायला लागतात. हाणायचं म्हटलं की पकड ४ वरून ८ वर गेलीच. त्यापेक्षा पटर चार बोटं जास्त मागे न्या आणि मोजणी तीच ठेवा.