साथीत अडकलेली फेलोशिप कशी सावरायची

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं, तेव्हा मी गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या (पोट-आतड्यांच्या विकारांच्या) फेलोशिपच्या, म्हणजे विशेष प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या लॉगबुकात, म्हणजे केसेसच्या नोंदवहीत, त्या फेब्रुवारीत 31 कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) आहेत. एप्रिलमध्ये 2, आणि त्यातलीही एक सरांनी अर्ध्यात माझ्या हातातून घेतली. संरक्षक किट मोजून मिळत होते, खोलीत माणसं कमीत कमी हवी होती, प्रोसीजर झटपट उरकायची होती. अशा वेळी ज्याचा हात सगळ्यात सावकाश, तो आधी बाहेर. म्हणजे शिकणारा. मग माझी रवानगी आयसीयूत झाली.

आता मी नव्या डॉक्टरांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसते. पुढची साथ तुमच्या प्रशिक्षणाच्या काळात आली तर काय करा, ते सांगते.

पहिलं, लॉगबुक त्याच दिवशी भरा. नुसता आकडा नको: पाहिली, मदत केली, की स्वतः केली, स्वतः केली तर कुठपर्यंत. रद्द झालेल्या केसेसच्या याद्याही ठेवा. दुसऱ्या विभागात पाठवलं तर तारखा, काम आणि तिथल्या प्रमुखांची सही, सगळं महिना संपायच्या आत. मी मे महिन्यात शहाणी झाले. आधीचं आठवून आठवून लिहिलं आणि सहीला गेले, तर आयसीयूचे तेव्हाचे प्रमुख सोडून गेलेले आणि नवे म्हणाले, ‘मी पाहिलंच नाही तर सही कशी करू?’ त्यांचंही बरोबरच होतं.

दुसरं, नियम स्वतः वाचा. सीनिअर सांगतात ते बहुधा गेल्या वर्षीचे असतात. साथीत ते भराभर बदलतात. ब्रिटनमध्ये 2020 साली वार्षिक मूल्यमापनात 10.1 आणि 10.2 असे दोन नवे शेरे आले. प्रगती ठीक आहे, पण काही कौशल्यं कोविडमुळे राहिली, असा दोन्हींचा अर्थ. 10.1 मिळाला तर पुढच्या टप्प्यात जाता येई, 10.2 मध्ये जादा मुदत घ्यावी लागे. दोन्हींत नापास असं काही नव्हतं. अमेरिकेत रुग्णालय रुग्णांनी ओसंडलं तर नेहमीच्या प्रशिक्षणाच्या बऱ्याच अटी बाजूला ठेवायची मुभा होती. पण कामाच्या तासांची मर्यादा, देखरेख, आणि पुरेशी संरक्षक साधनं व ती वापरायचं शिक्षण यांतून सूट नव्हती. ड्युटीवर पाठवताना तुम्हीही याच गोष्टी विचारा, आणि ईमेलवर विचारा. भारतात 18 एप्रिल 2021 ची नीट पीजी (डॉक्टरांची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा) थेट 11 सप्टेंबरला झाली, काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. नवी बॅच वेळेवर न आल्यानं वॉर्डचा भार आधीच्यांवर पडला. परीक्षा सरकली की पुढची सगळी माळ सरकते. मधल्या महिन्यांची सोय करून ठेवा.

जादा मुदतीबद्दल थोडं सविस्तर. मी तीन महिने वाढवून घेतले, आणि मागताना मला शरम वाटली होती. केसेसचा आकडा तसा भरत आला होता. हात भरला नव्हता. कोलोनोस्कोपीत शंभरातल्या किमान नव्वद वेळा स्वतः सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचता यावं, हा सर्रास वापरला जाणारा निकष आहे. खंडानंतर मी शंभरात सत्तरला अडकत होते. सिम्युलेटरनं (सरावाच्या यंत्रानं) मनगट मोकळं झालं, पण कळवळणाऱ्या रुग्णाच्या पोटातला लूप, म्हणजे दुर्बिणीच्या नळीला पडलेला वळसा, सोडवणं त्यावर येत नाही. त्यासाठी केसेसच लागतात. मुदत मागायची तर शेवटच्या महिन्यात नको, सहा महिने आधी मागा.

फेलोशिपच्या मुलाखती ऑनलाइन होतील. कॅमेरा, उजेड वगैरे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अडचण ही की जागा दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. म्हणून तिथल्या फेलोंशी सीनिअर नसताना बोलायची वेळ मागून घ्या आणि विचारा: मागच्या लाटेत किती आठवडे दुसरीकडे पाठवलं? ते दिवस भरून दिले का?

नोकरीचं गणित वेगळं आहे. नियोजित प्रोसीजर थांबल्या की त्यांवर चालणाऱ्या विभागांचं उत्पन्न आधी आटतं, तिथली भरती गोठते. त्याच वेळी आयसीयू आणि छातीविकारवाल्यांना बोलावणी येतात. म्हणून घाईनं शाखा बदलू नका. तुंबलेल्या केसेस नंतर येतातच, तेव्हा तेच विभाग माणसं शोधत फिरतात. माझी ठरलेली नोकरी ‘जरा स्थिरस्थावर होऊ दे’ एवढ्या एका फोनवर लांबली. कागदावर काहीच नव्हतं, भांडणार कशाच्या जोरावर? तेव्हा रुजू व्हायची तारीख, केसेसवर अवलंबून नसलेला किमान पगार, दोन्ही बाजूंची नोटीस, दुसऱ्या विभागात पाठवलं तर तिथल्या कामाला विमासंरक्षण, हे सगळं करारात लिहून घ्या. परदेशी जाणाऱ्यांनी व्हिसाचाही विचार करावा. मार्च 2020 मध्ये अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम जगभर थांबवलं होतं.

आणि मुलाखतीत खंडाबद्दल विचारतीलच. मागे दोघी आल्या होत्या. एकीचा आकडा मोठा, पण ‘शेवटची अवघड केस सांगा’ म्हटल्यावर ती गडबडली. दुसरी म्हणाली, ‘सीकमपर्यंत मी एकटी जाते, छोटे पॉलिप (आतड्यातल्या गाठी) काढते. मोठ्या पॉलिपला मागे कुणीतरी उभं लागेल.’ आम्ही तिला घेतलं, आणि पहिले सहा महिने शेजारच्या खोलीत सीनिअर असेल, हे तिच्या करारातच लिहिलं.