पार्टीला जाताना गाडी घरीच ठेवा

अमेरिकेतला आमचा पहिला डिसेंबर. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाकडे पार्टी होती, घरापासून पंचवीस मैलांवर. निघायच्या वेळी यजमान हसत म्हणाले, "काळजी कसली, वहिनी आहेत ना चालवायला!" वहिनी म्हणजे मी. लायसन्स हातात येऊन तीन आठवडे झाले होते, रात्री हायवेला एकदाही लागले नव्हते, आणि बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. मी पीत नाही, म्हणून मला न विचारताच ड्रायव्हर ठरवून टाकलं होतं. स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की घरी पोचल्यावर बोटं सरळ होईनात.

म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, घरी परत कसं यायचं ते दुपारीच ठरवा. रात्री साडेअकराला ठरवणारा माणूस दोन ग्लास आत गेलेला असतो, आणि दारात उभी असलेली स्वतःची गाडी त्याला फार जवळची वाटते. गाडी नेलीच नाही तर तो प्रश्नच येत नाही.

न पिणारा माणूस म्हणजे आपोआप ड्रायव्हर नव्हे. त्याला आधी विचारा, आणि तो रस्ता रात्री चालवायची त्याला सवय आहे का हेही विचारा. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, नुकत्याच आलेल्या बायकोकडे लर्नर्स परमिट असेल तर तिच्या शेजारी लायसन्सवाला माणूस बसावा लागतो. तो शेजारचा माणूसच प्यालेला असेल तर दोघंही अडचणीत.

आता हिशोब. कायद्याची मर्यादा रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल, फक्त युटा राज्यात ०.०५. एकवीस वर्षांखालच्यांना जवळजवळ शून्य. ०.०८ च्या आत असलात तरी गाडी नीट चालत नसेल तर पोलीस अटक करू शकतात, त्यामुळे 'एवढं चालतं' असा त्या आकड्याचा अर्थ नाही. शिवाय आपली मोजणी चुकते. इथलं एक ड्रिंक म्हणजे ४४ मिली व्हिस्की. आपला लार्ज साठचा. म्हणजे "दोनच घेतले" म्हणणाऱ्याने इथल्या मापाने पावणेतीन घेतलेले असतात, तेही यजमानाने मापाने ओतले असतील तर. घरच्या पार्टीत कोण मापाने ओततं? बिअरचंही तसंच. ३५५ मिलीची पाच टक्क्यांची बाटली हे एक ड्रिंक, पण सात टक्क्यांच्या आयपीए नावाच्या कडक बिअरचा मोठा पाइंट जवळपास दोन भरतो.

चढलेली उतरायला वेळच लागतो. शरीर तासाला साधारण ०.०१५ एवढीच कमी करतं. काळी कॉफी, गार पाण्याने तोंड धुणं, बाल्कनीतली थंड हवा, यातलं काहीही तो वेग वाढवत नाही. रात्री दोनला ०.१५ वर असलेला माणूस सकाळी सातला ०.०७५ च्या आसपास असतो. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःला अगदी ठणठणीत समजत तो एअरपोर्टवर कुणाला तरी आणायला निघतो.

व्हिसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ऑफिसच्या ओरिएंटेशनमध्ये हे कुणी सांगत नाही. डीयूआयमध्ये, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, नुसती अटक झाली, गुन्हा अजून सिद्धही झाला नाही, तरी परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून हे धोरण आहे. स्टॅम्प रद्द झाला म्हणजे लगेच देश सोडावा लागतो असं सहसा नसतं, पण भारतात गेलात की परत यायला नवं स्टॅम्पिंग, आणि त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी. आईच्या आजारपणात चार दिवसांसाठी गेलेला माणूस तिथेच अडकू शकतो. अटक झालीच तर क्रिमिनल वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात गाठा. ब्रेथलायझरला नकार देऊन सुटू असं वाटत असेल तर तेही विसरा. स्टेशनवरच्या टेस्टला नकार दिला तर बहुतेक राज्यांत त्या नकारासाठीच लायसन्स निलंबित होतं. आणि पोलिसांनी थांबवलं तर बोलायला म्हणून खाली उतरू नका. गाडीतच बसा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या.

"मी गाडीतच झोपतो, सकाळी जातो" हाही शहाणपणा नव्हे. अनेक राज्यांत किल्ली जवळ ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर झोपलेल्यावरही डीयूआय लागतो. थंडीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्यापेक्षा यजमानांच्या सोफ्यावर झोपा. नवीन माणसांना याचा संकोच वाटतो. मला विचाराल तर पाहुणा रात्री सोफ्यावर घोरलेला कुठल्याही यजमानाला परवडतो.

अ‍ॅपवरून गाडी बोलवायची असेल तर ३१ तारखेला मध्यरात्रीनंतर भाडं दुप्पट-तिप्पट दिसलं म्हणून दचकू नका, ते गृहीत धरूनच निघा. सबर्बमध्ये एक वाजता पैसे देऊनही गाडी मिळेलच असं नाही, म्हणून साडेअकरापूर्वी तरी निघा, नाहीतर मुक्कामाची पिशवी बरोबर ठेवा. फोन चार्ज केलेला हवा. बसण्याआधी नंबरप्लेट जुळवून बघा. काही शहरांत त्या रात्री बस-ट्रेन फुकट असतात, आठवडाभर आधी चौकशी करा. आणि लहान मूल असेल तर सगळाच बेत बदलतो. अ‍ॅपच्या गाडीत कारसीट असेलच असं नाही, आणि मांडीवर बसवून नेणं इथे चालत नाही. तेव्हा आपली सीट उचलून न्या, ती दुसऱ्याच्या गाडीत बसवायची दोनदा सवय करा, नाहीतर आई-बाबांपैकी एकाने त्या दिवशी ग्लासाला हात लावू नये. ते कुणी, हे घरून निघताना ठरवा. आमच्याकडे आता एक वर्ष तो, एक वर्ष मी. मी तशीही पीत नाही, पण माझ्या वर्षी तो ड्रायव्हिंगच्या सूचना करत नाही, एवढं ठरलेलं आहे.

एवढं करूनही गाडी तिथे राहिलीच, तर यजमानांना सांगून ती ड्राइव्हवेत लावा. रस्त्यावर सोडलेली गाडी बर्फ काढायच्या रात्री टो होते आणि ती सोडवायला सकाळ जाते. आणायला दुसऱ्या दिवशी दुपारी जा, बर्फ खरवडायचा स्क्रेपर बरोबर घेऊन, कारण तो नेमका घरी राहिलेला असतो.