जंक मेल कमीच होत नाहीत? या चुका टाळा

रोज सकाळी चाळीस-पन्नास मेल डिलीट करायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा समोर. ही तक्रार करणारे बहुतेक जण फक्त डिलीट करतात, आणि पहिली चूक तिथेच होते. डिलीट केलेला मेल तुमच्या डोळ्यांसमोरून जातो, पण पाठवणाऱ्याच्या यादीतला तुमचा पत्ता जिथल्या तिथे राहतो. तो मेल तुम्हाला नको होता, हे जीमेललाही त्यातून धड कळत नाही. उद्या तोच पाठवणारा पुन्हा हजर.

अनसबस्क्राइब की स्पॅम?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नको असलेले मेल दोन जातींचे असतात. पहिल्या जातीला आपणच कधीतरी पत्ता दिलेला असतो: ऑनलाइन खरेदीची साइट, विमा कंपनी, नोकरीचं पोर्टल, तिकीट काढायचं अ‍ॅप. या नावागावाच्या कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांना ‘आता पुरे’ असं सांगता येतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी नियमच केला आहे. त्यांच्या वापरकर्त्यांना मोठ्या संख्येने (जीमेलच्या बाबतीत दिवसाला 5000 किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय द्यायची आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणायची. म्हणून मेलच्या तळाशी फिकट राखाडी, बारीक अक्षरांतली लिंक शोधत बसू नका. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसतं, ते वापरा. तळाच्या लिंकवरून एखाद्या पानावर गेलात आणि तिथे मोबाइल नंबर किंवा पासवर्ड मागू लागले, तर काही न भरता पान बंद करा.

दुसरी जात म्हणजे अनोळखी. ‘तुमचं पार्सल अडकलं आहे’, ‘मेलबॉक्स भरला आहे, 24 तासांत पडताळणी करा’, ‘तुम्हाला बक्षीस लागलं आहे’. यांच्या मेलमधलं अनसबस्क्राइब कधीही दाबू नका. दाबलंत की या पत्त्यावर कुणीतरी मेल वाचतंय, याची त्यांना खात्री पटते. कधी ती लिंक थेट बनावट पानावरच नेते. अशा मेलला एकच उत्तर, ‘रिपोर्ट स्पॅम’.

याची उलटी चूकही तितकीच महागात पडते. वैताग आला की दिसेल त्याला स्पॅम ठरवणारे पुष्कळ जण आहेत. बँकेच्या कर्जाच्या जाहिरातीला कंटाळून तुम्ही तिला स्पॅम म्हटलंत, तर त्याच बँकेचं स्टेटमेंटही पुढे स्पॅममध्ये जाऊ शकतं. जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधले मेल 30 दिवसांनी कायमचे पुसले जातात. मुलाखतीचं बोलावणं किंवा प्रवेशाचं पत्र असं हातचं गेलं, तर नुकसान सोसायचं ते उमेदवाराने. म्हणून आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डरवर नजर टाका आणि चुकून तिथे गेलेल्या मेलला ‘नॉट स्पॅम’ करा. नोकरी शोधत असाल किंवा प्रवेशाचे दिवस असतील तर रोज बघा. जे मेल चुकवून चालणारच नाहीत त्यांच्यासाठी संगणकावर फिल्टर (येणाऱ्या मेलचं काय करायचं हे आपोआप ठरवणारा नियम) बनवून त्यात ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा.

नाव वाचून विश्वास ठेवणं

पाठवणाऱ्याचं नाव म्हणून कुणीही काहीही लिहू शकतो. मोबाइलवर तर नुसतं नावच दिसतं, पत्ता झाकलेला असतो. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि तो उजवीकडून वाचा. प्राप्तिकर विवरणपत्रं भरण्याच्या दिवसांत ‘रिफंड मंजूर झाला’ असे मेल येतात. पत्त्यात ‘इन्कमटॅक्स’ शब्द असतो, पण शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा तसलंच काहीतरी. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळाचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना त्यांची संकेतस्थळं 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. तेव्हा लिंक भलतीकडेच जात असेल तर ती उघडूच नका. पाठवणाऱ्याचा पत्ताही हुबेहूब बनवता येतो, म्हणून पैशांचा विषय आला की मेलमधल्या लिंकवरून न जाता बँकेचं अ‍ॅप आपण स्वतः उघडून बघणं उत्तम.

जिथे तिथे तोच पत्ता देणं

मॉलमधली सोडत, प्रदर्शनातला स्टॉल, मोफत वेबिनार, दहा टक्के सवलतीचं कूपन. प्रत्येक ठिकाणी आपण बँकेला दिलेलाच पत्ता देतो. त्याऐवजी असल्या कामांसाठी वेगळं खातं ठेवा. तेही नको असेल तर जीमेलमध्ये एक सोय आहे, जी फार लोकांना माहीत नसते: आपल्या पत्त्यातल्या @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडायचा. पत्ता ‘अमुक’ असेल तर ‘अमुक+खरेदी’ (शब्द अर्थात इंग्रजी अक्षरांत). मेल तुमच्याच खात्यात येतात, पण त्या पत्त्यावर आलेले सगळे मेल एका फिल्टरने बाजूला काढता येतात. त्या पत्त्यावर भलत्याच कंपनीचा मेल आला, तर पत्ता कुठून फुटला तेही समजतं. काही साइट अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे दुसरं खातं वापरा. बँक, डिजिलॉकर, पीएफ यांना मात्र नेहमी पक्का, रोज उघडला जाणारा पत्ताच द्या.

फॉर्म भरताना ‘मला ऑफर्स पाठवा’ या चौकोनात आधीच खूण केलेली असते. ती काढायला दोन सेकंद लागतात.

एकेक पत्ता ब्लॉक करत बसणं

ओळखीची एखादी व्यक्ती त्रास देत असेल तर ब्लॉक ठीक. स्पॅमवाले रोज पत्ता बदलतात, त्यामुळे काल ब्लॉक केलेला पत्ता आज कुणी वापरतच नाही. आणि जीमेलमध्ये ब्लॉक म्हणजे पुढचे मेल स्पॅममध्ये जाणं, एवढंच. काही जण 1909 वर डीएनडी नोंदवून मेल थांबायची वाट बघतात. ती सोय फोन आणि एसएमएससाठी आहे, ईमेलला लागू होत नाही.

जागा भरल्यावर धावपळ

जीमेलची 15 जीबी मोफत जागा ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटलेली असते. ती संपली की कामाचे मेलही यायचे थांबू शकतात. संगणकावर प्रमोशन्स टॅब उघडून वरच्या चौकोनात खूण केली की फक्त त्या पानावरचे, साधारण 50 मेल निवडले जातात. त्याच वेळी वर एक ओळ येते, ‘या टॅबमधले सगळे निवडा’ अशा अर्थाची. ती दाबल्याशिवाय ढीग हलत नाही. आधी तिकिटं, बिलं आणि वॉरंटीचे मेल शोधून बाजूला काढा. शेवटी ट्रॅश रिकामा करा, कारण ट्रॅशमधले मेलही जागा खातात.

अचानक पूर आला तर

तासाभरात शेकडो साइट्सचे ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ असे मेल येऊ लागले, तर घाबरून सगळे एकदम पुसू नका. हा पूर मुद्दाम सोडलेला असू शकतो. तुमच्या खात्यातून पैसे गेल्याचा किंवा तुमच्या नावाने खरेदी झाल्याचा एकच मेल त्या गर्दीत बुडवायचा असतो. आधी बँकेचं अ‍ॅप उघडून व्यवहार तपासा आणि मेलमध्ये बँकेचं नाव, ‘ऑर्डर’, ‘ओटीपी’ हे शब्द शोधा. मग मेलचा पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) सुरू करा आणि सेटिंग्जमध्ये फिल्टर व फॉरवर्डिंग बघा. तिथे अनोळखी पत्ता दिसला तर तो लगेच काढा, नाहीतर तुमचे मेल परस्पर दुसरीकडे जात राहतील.

आईवडिलांचं खातं असेल तर हे आजच तपासून घ्या. मोबाइल घेताना दुकानदारानेच खातं उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नसतो. रिकव्हरीला कुणाचा नंबर लावला आहे तेही बघा. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि लगोलग 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त.