कार्ड माउंट होत नाही? आधी हात आवरा

ठाणे स्टेशनजवळच्या एका कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी उमेदवारी केली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची खरी ओळख तिथेच झाली, क्लासमध्ये नाही. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास कोणीतरी यायचं: राममारुती रोडवर स्वागतयात्रेचे फोटो काढलेले, हातात मेमरी कार्ड आणि तोंड उतरलेलं.

पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. मावसभावाचं ३२ जीबीचं कार्ड माउंट होईना, म्हणजे कम्प्युटर ते उघडायला जोडूनच घेईना. नेटवर वाचलेली, कार्डावरची फायलींची मांडणी (फाइल सिस्टीम) तपासून दुरुस्त करणारी एफएससीकेची कमांड थेट कार्डावरच चालवली आणि येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत गेलो. कार्ड माउंट झालं, पण फोटोंचं फोल्डर अर्धं रिकामं आणि बाहेर .आरईसी शेपटीच्या, एफएससीके००००पासून नंबर लावलेल्या फायलींची रांग. एफएससीकेला बेवारस सापडलेले तुकडे तो असे बांधून ठेवतो. दुकानाचे मालक काका एवढंच म्हणाले, "अरे, पेशंटला विचारलंस का कुठे दुखतंय?"

विचारायचं कसं, तर टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी), पुढे डॅश आणि डब्ल्यू. हे चालू ठेवून मग कार्ड घाला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतं ते समोर उमटत जातं.

एकही ओळ आली नाही तर फाइल सिस्टीमच्या वाटेला जाऊच नका. रीडर बदला, अडॅप्टर बदला, कार्डाचे पिवळे संपर्क कोरड्या कापडाने पुसा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोषी स्वस्तातला रीडरच निघाला. लॅपटॉपच्या खाचेत कार्ड घातल्यावर 'एमएमसी०' आणि 'एरर -११०' दिसलं, तर कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही असा अर्थ. तेव्हाही आधी हेच उपाय.

ओळी आल्या, तर एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड चालवून आकार बघा. ६४ जीबीच्या कार्डाचा आकार शून्य दिसला तर रीडर जागा आहे, कार्ड नाही. आकार बरोबर, पार्टिशनही (कार्डावर फायलींसाठी आखलेला भाग) दिसतंय, तरी माउंट 'अननोन फाइलसिस्टीम टाइप एक्सफॅट' म्हणून अडलं, तर आनंद माना, कार्ड बहुधा धडधाकट आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्येच येतात, आणि लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅट आलं ते २०१९ च्या ५.४ पासून, आजचा बरा ड्रायव्हर २०२० च्या ५.७ मधला. आमच्या दुकानातल्या जुन्या मशीनवर डेबियन १० हे लिनक्स होतं, कर्नल ४.१९. तिथे एक्सफॅट-फ्यूज पॅकेज टाकलं की काम व्हायचं. तोवर डेस्कटॉप 'फॉरमॅट करू का?' असं साळसूदपणे विचारत असतो. त्याला भुलू नका.

'राइट प्रोटेक्ट इज ऑन' दिसलं तर अडॅप्टरच्या बाजूची सरकपट्टी बघा. ती निव्वळ प्लास्टिकची असते आणि सैल झाली की आपोआप खाली येते. पट्टी वर असूनही तेच येत असेल, तर कार्ड म्हातारं होऊन स्वतःच कुलूपबंद झालेलं असू शकतं. लिहिता येत नाही, वाचता बहुतेक वेळा येतं. लगेच सगळं उतरवून घ्या.

आता माझी चूक कुठे झाली ते. पार्टिशन दिसतंय, फाइल सिस्टीम ओळखीची आहे, पण बिघडली आहे, अशा वेळी आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची. तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागांची नोंद नकाशा-फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं. मग त्या इमेजची अजून एक प्रत करून एफएससीके, फोटोरेक (हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम), काय वाटेल ते प्रयोग त्या प्रतीवर. फोटोरेक फायलींची मूळ नावं परत देत नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा, नाहीतर काम करूनही बोलणी खाल.

मावसभावाचे थोडे फोटो त्या .आरईसी फायलींतून निघाले. लेझीम पथकाचे सगळे गेले. नंतरच्या पाडव्याला त्याने दोन कार्डं आणली, आणि दोन्ही रीडरमधून कम्प्युटरला न विचारता, म्हणजे अनमाउंट न करताच, उपसून काढली.