थंडरबर्ड वापरताना या चुका टाळा: आपले मेल नेमके कुठे आहेत, हे आधी पाहा

थंडरबर्ड हा संगणकावर मेल वाचण्याचा आणि पाठवण्याचा प्रोग्राम. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यानंतर त्याचे रूप अनेकदा पालटले. २०२३ मधल्या ११५ क्रमांकाच्या आवृत्तीत तर इतके पालटले की मुरलेल्या वापरकर्त्यांनाही काही दिवस नेहमीची बटणे सापडेनात. माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्यांच्या चुका मात्र त्याच राहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. ब्राउझरमध्ये मेल वाचण्याची सवय झालेल्या माणसाला वाटते की आपले मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, सुखरूप आहेत आणि थंडरबर्ड फक्त ते दाखवतो. प्रत्यक्षात मेलची मूळ प्रत सर्व्हरवर असेल की तुमच्या डिस्कवर, हे खाते जोडताना तुम्ही काय निवडले यावर ठरते, आणि नेमका तोच पडदा लोक न वाचता पुढे ढकलतात.

मेल आणण्याच्या पद्धती दोन, आयमॅप आणि पॉप. आयमॅप निवडले, तर मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर त्यांची प्रत येते. एका ठिकाणी पुसलेला मेल सगळीकडून पुसला जातो. पॉप निवडले, तर मेल संगणकावर उतरवले जातात आणि ते सर्व्हरवर किती दिवस ठेवायचे, हे सर्व्हर सेटिंग्जमध्ये लिहिलेले असते. तिथे सहसा १४ दिवसांची मुदत आधीपासूनच भरलेली असते. ‘माझे जुने मेल वेबवरून कोणीतरी उडवले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी प्रथम हा आकडा दाखवतो. पॉप वाईट नाही, पण ते निवडणाऱ्याने आपल्या मेलचा सांभाळ आता आपल्याकडे आला आहे, हे ओळखून वागले पाहिजे. सर्व्हरवरची जागा संपली म्हणून आयमॅपवरचे मेल ‘संगणकावर तर आहेतच’ या भरवशावर पुसणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. मी असे मेल आधी लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे फक्त संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांत, कॉपी करतो, इंटरनेट बंद करून त्यांतले पाच-दहा मेल जोडलेल्या फायलींसकट उघडून पाहतो आणि मगच सर्व्हरवरचे पुसतो.

आता ज्या चुकीने माझी एक अख्खी रात्र खाल्ली, तिच्याविषयी. माझ्या एका सहकाऱ्याने नवा संगणक घेतला, जुन्यावरचे प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग्ज ज्यात ठेवतो ते) पेन ड्राइव्हवर कॉपी केले, जुन्या संगणकाची डिस्क कोरी करून तो दुसऱ्याला देऊन टाकला आणि मग मला फोन केला की बाकी सगळे फोल्डर दिसतात, इनबॉक्स मात्र रिकामा आहे. त्याचे खाते पॉपचे होते. खोदून विचारल्यावर कळले की कॉपी होत असताना फाइल फार मोठी असल्याचा एक संदेश आला होता आणि त्याने घाईत ‘स्किप’ दाबले होते. थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल सहसा एकाच सलग फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्सच्या त्या फाइलला कोणतेही एक्स्टेन्शन नसते आणि तिच्याशेजारी एमएसएफ एक्स्टेन्शनची, त्याच नावाची, एक छोटी फाइल असते. ही छोटी फाइल म्हणजे नुसती सूची. सहकाऱ्याच्या इनबॉक्सची फाइल ४ जीबीच्या वर गेली होती, आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एवढी मोठी एक फाइल मावतच नाही. सूची आली, मेल मागेच राहिले. सर्व्हरवरून शेवटच्या १४ दिवसांचे मेल परत मिळाले आणि त्याआधीचे कायमचे गेले. ‘स्किप’ या बटणाविषयी माझे मत तेव्हापासून फारसे चांगले नाही.

तो इनबॉक्स एवढा फुगला, याचेही कारण होते. थंडरबर्डमध्ये मेल पुसला की तो यादीतून जातो, पण फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे पुसलेले मेल खरोखर काढून फाइल आटोपशीर केली जाईपर्यंत, त्या सलग फाइलमध्ये तसाच पडून राहतो. नव्या आवृत्त्यांत ठरावीक जागा मोकळी होणार असेल तेव्हा कॉम्पॅक्ट करण्याची सोय आपोआप चालते, परंतु त्याविषयी विचारणा आली की अनेक जण दरवेळी नकार देतात आणि माझ्या सहकाऱ्याने ती सोय बंदच करून टाकली होती. मी महिन्यातून एकदा, दुसरे काही काम चालू नसताना, फाइल मेन्यूतून स्वतः कॉम्पॅक्ट करतो आणि इनबॉक्समध्ये चालू कामाशिवाय काही ठेवत नाही. महत्त्वाचा मेल चुकून पुसला गेला असेल आणि ट्रॅशमध्येही सापडत नसेल, तर मात्र कॉम्पॅक्टला हात लावू नये, कारण तो मेल परत मिळण्याची शक्यता त्या न आवरलेल्या फाइलमध्येच असते.

प्रोफाइल हलवण्याची माझी रीत कंटाळवाणी आहे. हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडतो, थंडरबर्ड पूर्ण बंद करतो, पूर्ण फोल्डर कॉपी करतो आणि दोन्हीकडचा एकूण आकार ताडून पाहतो. नव्या संगणकावर तीच किंवा त्याहून नवी आवृत्ती लागते. जुनी आवृत्ती नवे प्रोफाइल उघडायला नकार देते. एक्स्पोर्टची तयार सोय आहे, पण प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठे असेल तर ते स्वतःच कॉपी करा, असे थंडरबर्डच सुचवतो. जुना संगणक मी महिनाभर तरी पुसत नाही.

‘मेल येतात, पण जात नाहीत’ ही तक्रार आली की लोक खातेच काढून पुन्हा जोडतात. पॉपच्या खात्याबाबत हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, कारण खाते काढताना मेलचा डेटाही पुसण्याचा पर्याय समोर येतो आणि घाईतला माणूस त्यावर खूण करून मोकळा होतो. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची नोंद मुळात खात्यापासून वेगळी असते, आणि त्याचा पासवर्डही वेगळा साठवलेला असतो. पासवर्ड बदलल्यावर साठवलेल्या पासवर्डच्या यादीतल्या दोन्ही जुन्या नोंदी काढाव्यात. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये पोर्टचा क्रमांक ४६५ असेल तर सुरक्षेचा पर्याय एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. यांची अदलाबदल झाली की जोडणी होत नाही.

जीमेलच्या बाबतीत नेहमीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट मे २०२२ च्या अखेरीस बंद केली. ऑथेंटिकेशनमध्ये ओऑथ२ (गूगलच्याच खिडकीत लॉगिन करून थंडरबर्डला परवानगी देण्याची पद्धत) निवडावे, आणि तरीही लॉगिनची खिडकी अडत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद नाहीत ना, हे पाहावे.

अँटिव्हायरसला प्रोफाइल फोल्डर वगळायला सांगावे. एका संशयास्पद मेलसाठी तो इनबॉक्सची अख्खी फाइल उचलून बाजूला टाकू शकतो.

फोल्डरमधली यादी आणि आतले मेल जुळेनासे झाले, तर प्रॉपर्टीजमधले रिपेअर फोल्डर वापरावे. त्याने फक्त सूची नव्याने बनते. तरीही विचित्र वागणे थांबले नाही, तर थंडरबर्ड ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे ॲड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद ठेवून, सुरू करून पाहावा. तिथे सगळे ठीक चालले, तर बहुधा एखादे ॲड-ऑन दोषी असते. जुने ॲड-ऑन चालावे म्हणून वर्षानुवर्षे जुन्या आवृत्तीला चिकटून राहणाऱ्यांना मी मदत करणे सोडून दिले आहे.